न पळणारे पक्षी

दापोली तालुक्यातील एका किनाऱ्यावर, जुलै महिन्यात, तीन दिवस घोंगावणारा वारा ओसरल्यानंतरच्या सकाळी, भरतीने आणून टाकलेल्या शेवाळ आणि थर्माकोलच्या रेषेपाशी एक मोठा पांढरा पक्षी बसलेला होता. बदकापेक्षा मोठा, पंखांच्या कडा आणि शेपूट काळी, चोच फिकट पिवळी आणि चोचीच्या मुळाशी, डोळ्यांभोवती कुणी काजळाचा मुखवटा चढवावा तशी काळी कातडी. मी दहा पावलांवर आले, पाच पावलांवर आले, शेवटी त्याच्यासमोर उकिडवी बसले, तरी तो जागचा हलला नाही. मान किंचित तिरकी करून पिवळ्या डोळ्याने माझ्याकडे पाहत राहिला. चोचीवर नाकपुड्या कुठे दिसतात का, हे मी पाहत होते, त्या नव्हत्याच. उंचावरून पाण्यात सूर मारणाऱ्या या पक्ष्यांच्या बाहेरच्या नाकपुड्या बंद असतात आणि ते चोचीच्या कोपऱ्यांतून श्वास घेतात, हे मी वाचलेले होते, पण इतक्या जवळून ते पाहायला मिळेल असे कधी वाटले नव्हते.

माझ्या मागोमाग आलेला नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा बराच वेळ गप्प उभा होता. शेवटी म्हणाला, "काकू, हा पळत का नाय? येडा हाय काय?"

त्या मुलाला इंग्रजी येत नव्हते. तरी चारशे वर्षांपूर्वी युरोपातल्या खलाशांनी या पक्ष्याला पाहून नेमका हाच प्रश्न स्वतःला विचारला होता आणि त्याचे उत्तर पक्ष्याच्या नावातच कायमचे घालून ठेवले होते. स्पॅनिश भाषेत 'बोबो' म्हणजे मूर्ख. त्यावरून इंग्रजीत 'बूबी' आला आणि १६०० च्या सुमारास तो माणसासाठी आणि पक्ष्यासाठी असा दोन्हीकडे रुजला. माझे पोट अनुवादावर चालते, त्यामुळे शब्दकोशातील नोंदी मी रोज चाळते. या एका नोंदीपाशी मात्र मी अनेकदा थांबले आहे, कारण तिच्यात पहिला अर्थ 'बावळट माणूस' असा असतो आणि पक्षी त्याच्यानंतर येतो.

प्राण्यांच्या नावांवरून शिव्या देण्यात इंग्रजी आणि मराठी यांच्यात फारसा फरक नाही. गाढव, डुक्कर, कुत्रा, माकड, साप ही मंडळी दोन्हीकडे सारख्याच कामाला जुंपलेली आहेत. गोठ्यातल्या आणि उकिरड्यावरच्या प्राण्यांविषयी माणूस काय बोलतो, यात नवल नाही. ज्याच्याकडून राबवून घ्यायचे त्याला नावे ठेवायची, ही रीत सगळीकडची आहे. मला राहून राहून वेगळे वाटते ते इंग्रजीतील पक्ष्यांच्या नावांचे एक छोटे कुटुंब. बूबी, नॉडी, डॉटरेल, डोडो आणि अमेरिकन बोलीतील गूनी. हे सगळे शब्द 'मूर्ख' या अर्थाने वापरले गेले आणि या सगळ्या पक्ष्यांचा गुन्हा एकच होता, तो म्हणजे माणूस जवळ आला तरी ते उडून गेले नाहीत.

नॉडी हा बूबीपेक्षा बराच लहान, गडद तपकिरी रंगाचा आणि फिकट कपाळाचा समुद्रपक्षी आहे. जोडीदारासमोर तो मान लववत राहतो, त्यामुळे डुलक्या घेणारा असे त्याचे नाव पडले असावे असे वाटते. पण इंग्रजीत 'नॉडी' हा खुळ्या माणसासाठीचा शब्द सोळाव्या शतकापासून होताच आणि खलाशांनी तोच पक्ष्याला लावला. भर समुद्रात जहाजाच्या डोलकाठीवर येऊन विसावणारे हे पक्षी नुसत्या हाताने धरता येत. कॅप्टन विल्यम ब्लाय याने आपल्या वृत्तान्तात या दोन्ही पक्ष्यांची नावे अशीच पडल्याचे लिहिले आहे. ही नोंद त्याने कोणत्या प्रसंगी केली ते समजल्यावर मात्र मला ती फार वेगळी वाटू लागली.

२८ एप्रिल १७८९ रोजी 'बाउंटी' जहाजावर बंड झाले आणि ब्लायसह १९ जणांना २३ फूट लांबीच्या उघड्या होडीत सोडून देण्यात आले. त्यातला एक जण तोफुआ बेटावर मारला गेला. उरलेले १८ जण थोडासा पाव आणि पाणी यांच्यावर तिमोरच्या दिशेने निघाले. २५ मे रोजी, सगळे उपासमारीने खंगलेले असताना, एक नॉडी होडीच्या इतक्या जवळ आला की तो हाताने पकडता आला. कबुतराएवढ्या त्या पक्ष्याचे १८ वाटे करण्यात आले. वाटपाची त्यांची एक पद्धत होती: एकाने पाठ फिरवून उभे राहायचे, दुसऱ्याने एकेका वाट्याकडे बोट दाखवून 'हा कुणाला?' असे विचारायचे आणि पाठमोऱ्याने नाव घ्यायचे, म्हणजे कुणाला तक्रारीला जागा नको. त्याच संध्याकाळी एक बूबी सापडला. त्याचे रक्त सर्वांत खालावलेल्या तिघांना पाजण्यात आले आणि आतडी, चोच, पाय यांसकट बाकीच्या देहाचे पुन्हा १८ वाटे झाले. १४ जूनला ती होडी तिमोरमधील कुपांगला लागली.

नाव कशावरून पडले हे ब्लाय सांगतो ते अगदी सरळपणे, कसलीही मल्लिनाथी न करता. मला मात्र तो मजकूर वाचताना दर वेळी वाटते की ज्यांच्या चोचीसुद्धा वाटून खाल्ल्या, त्यांना त्या क्षणी तरी दुसरे नाव सुचायला हवे होते.

डॉटरेल हा जमिनीवरचा पक्षी. स्कॉटलंडच्या उंच, उघड्या माळांवर घरटे करणारा, टिटवीच्या नात्यातला. त्याच्या नावातील 'डोट' या धातूचा अर्थ बुद्धी भ्रष्ट होणे, म्हातारचळ लागणे असा आहे. पंधराव्या शतकापासून 'डॉटरेल' हा शब्द पक्ष्यासाठी आणि सहज फसणाऱ्या माणसासाठी एकत्रच नांदत आला. सतराव्या शतकातील इंग्रज लेखक तर अशी कथा सांगत की पारध्याने हात लांब केला की डॉटरेल पंख लांब करतो, पारध्याने पाय पुढे टाकला की तोही पाय पुढे टाकतो आणि या नकलेच्या नादात जाळ्यात सापडतो. अंग झटकणारा, आळस देणारा, एक पंख आणि एक पाय ताणणारा पक्षी माळावर कुणालाही दिसेल. त्यात आपली नक्कल पाहायला समोर पारधीच उभा असावा लागतो. डॉटरेलमध्ये अंडी उबवण्याचे काम बहुतेक नरच करतो आणि अंड्यांवर बसलेला नर माणूस हाताच्या अंतरावर आला तरी पुष्कळदा उठत नाही. आपल्याकडे अशा वागण्याला माया म्हणतात, आणि ते माणसाने केले तर त्यावर ओव्या रचल्या जातात.

हे पक्षी पळत का नाहीत, या प्रश्नाकडे नावे न ठेवता पाहणारा एक माणूस पुढे झाला. १८३२ च्या फेब्रुवारीत 'बीगल' जहाज अटलांटिकच्या मधोमध असलेल्या सेंट पॉल खडकांपाशी पोहोचले, तेव्हा तेवीस वर्षांच्या चार्ल्स डार्विनला तेथे बूबी आणि नॉडी या दोनच जातींचे पक्षी दिसले. माझ्या दगड फोडण्याच्या हातोडीने मी हवे तितके मारू शकलो असतो, असे त्याने लिहिले आणि त्यांच्या स्वभावाला त्या वेळी त्यानेही मंदच ठरवले. पण तीन वर्षांनंतर गालापागोस बेटांवर हाच अनुभव जागोजागी आला, तेव्हा तो तेवढ्यावर थांबला नाही. तेथे त्याने बंदुकीच्या नळीच्या टोकाने एका शिकारी पक्ष्याला फांदीवरून ढकलले होते आणि डार्विन स्वतः आडवा पडलेला असताना त्याच्या हातातल्या, कासवाच्या पाठीच्या भांड्याच्या काठावर एक पक्षी येऊन पाणी प्यायला होता. फॉकलंड बेटांवरची रानहंसे कोल्ह्यासारख्या तिथल्या प्राण्यापासून जपून राहतात, पण माणसाला बुजत नाहीत. त्याच जातीची हंसे समोरच्या तिएरा देल फुएगोमध्ये, जिथे माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्यांची शिकार करत आली आहेत, तिथे माणसाला जवळ येऊ देत नाहीत, हे त्याने नोंदवले. माणसाची भीती ही पक्ष्याला जन्मजात नसते, ती पुष्कळ पिढ्या सोसल्यावर अंगी मुरते आणि मग वारशाने पुढे जाते, असा निष्कर्ष त्याने काढला.

पुढे जीवशास्त्रात यावर बरेच काम झाले. साठाहून अधिक जातींच्या सरड्या-पालींचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला, त्यातही मुख्य भूमीपासून बेट जितके दूर, तितका प्राणी माणसाला जास्त जवळ येऊ देतो, असेच दिसले. त्यामागचा हिशेब साधा आहे. पळण्याला शक्ती लागते, पळताना खाणे सुटते, अंडी उघडी पडतात. जिथे मारणारा कुणी नाही, तिथे उठल्यासुटल्या पळणारा पक्षी तोट्यात जातो आणि निवांत बसणाऱ्याची पिल्ले जगतात. म्हणजे बूबीचे न पळणे हे त्याच्या बेटावर हजारो वर्षे पुरेपूर शहाणपणाचे होते.

या कुटुंबातील सर्वांत दुर्दैवी नाव डोडोचे. त्याची व्युत्पत्ती कुणी पोर्तुगीजमधील 'वेडा' या अर्थाच्या शब्दाकडे नेतात, तर कुणी डच भाषेतील आळशी माणसासाठीच्या शब्दाकडे. दोन्ही वाटांनी गेले तरी पोहोचतो तिथेच. डच खलाशी १५९८ मध्ये मॉरिशसला उतरले. डोडो दिसल्याची सर्वसाधारणपणे मान्य असलेली अखेरची नोंद १६६२ ची आहे. त्या वर्षी पुण्यात लाल महालात शायिस्ताखान मुक्काम ठोकून होता, हे मी स्वतःशी मुद्दाम जुळवून पाहते, कारण डोडो म्हटले की पुराणकाळातला काहीतरी प्राणी असे मनात येते आणि तो तसा अजिबात नव्हता. तो आपल्या बखरींच्या काळातला पक्षी आहे. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी १६२८ ते १६३४ या काळात हिंदुस्थानात होता आणि त्याने सुरतेत दोन जिवंत डोडो पाहिल्याचे लिहिले आहे. म्हणजे शिवनेरीवर शिवराय जन्मले त्याच्या आगेमागे. जहांगीरच्या दरबारातील उस्ताद मन्सूर याच्या नावावर असलेले डोडोचे एक चित्र आज सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे, आणि जिवंत डोडो पाहून काढलेल्या मोजक्या विश्वसनीय चित्रांत त्याची गणना होते. त्या चित्रातला डोडो युरोपीय चित्रांतल्यासारखा फोपशा नाही. त्याच्याभोवती दुसरे पक्षी आहेत, तो मधोमध ताठ उभा आहे आणि मन्सूरने त्याला इतर पक्ष्यांना द्यावा तोच मान दिलेला आहे.

१६६२ ची ती नोंद वोल्कर्ट एव्हर्ट्‌झ या जहाज फुटून बेटाला लागलेल्या डच माणसाची आहे. एका छोट्या बेटावर त्यांना हे पक्षी भेटले. ते माणसाला पाहून पळाले नाहीत. एकाला पायाशी धरले तेव्हा तो ओरडला आणि त्याचे ओरडणे ऐकून बाकीचे त्याच्या मदतीला धावत आले, तेही मग पकडले गेले. हा मजकूर मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुढचे वाचायला मला थोडा वेळ लागला. 'धावत आले' या दोन शब्दांतच तो पक्षी आहे. इंग्रजीत एखाद्याला 'डोडो' म्हणताना जे अभिप्रेत असते, त्यात या धावत येण्याचा मागमूसही उरलेला नाही.

शंभर वर्षांनंतर, १७६६ मध्ये, प्राण्या-वनस्पतींना लॅटिन नावे देणाऱ्या लिनियसने या नामशेष पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले 'डायडस इनेप्टस', म्हणजे गबाळा डोडो. शिवीला अशा प्रकारे लॅटिनची मोहोर मिळाली. ते नाव आता चालत नाही. २००२ मध्ये डीएनएवरून हे ठरले की डोडो कबुतरांच्या कुळातला आहे आणि आज जगणाऱ्यांत त्याचा सर्वांत जवळचा नातलग म्हणजे आपल्याच अंदमान-निकोबारमध्येही राहणारे, मानेवर लांब पिसांची झालर असलेले निकोबारी कबूतर. २०१६ मध्ये कवटीचे सीटी स्कॅन करून पाहिले तेव्हा डोडोचा मेंदू त्याच्या देहाच्या मानाने कबुतरांइतकाच होता असे आढळले. वास घेण्याचा भाग तर मोठाच होता. त्याला संपवण्यात माणसाच्या दांडक्यापेक्षा जहाजांबरोबर आलेल्या उंदीर, डुकरे आणि माकडांचा वाटा मोठा धरला जातो. जमिनीवर घरटे आणि त्यात एकच अंडे, एवढ्या विश्वासावर चाललेला संसार त्यांनी उधळून लावला. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडून गिरमिटिया म्हणून मॉरिशसला गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आज तेथे आहेत. त्यांचे पूर्वज उतरले तेव्हा डोडो जाऊन दीडशेहून अधिक वर्षे झाली होती.

नाव पाहणाऱ्याचे असते, हे मला मराठीतल्या पक्ष्यांमुळे अधिक नीट समजले. इंग्रजीत 'ओल्ड कूट' म्हणजे विक्षिप्त, बुद्धू म्हातारा आणि 'कूटसारखा टकला' हा तर जुना वाक्प्रचार. तोच काळा पाणपक्षी उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात शेकड्यांनी दिसतो, आणि त्याच्या कपाळावरचा पांढराशुभ्र पट्टा पाहून आपल्या लोकांना टक्कल आठवले नाही, गोपीचंदनाचा टिळा आठवला. आपण त्याला वारकरी म्हणतो. 'सिली गूज' म्हणून इंग्रजीत ज्याची बोळवण होते त्या हंसाच्या एका भाईबंदाला, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेल्या पट्टकादंबाला, हिमालय ओलांडताना सात हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवर नोंदवले गेले आहे. संस्कृत काव्यातला हंस हाच असावा असे अनेक अभ्यासक मानतात, आणि त्या हंसाकडे आपल्या परंपरेने नीरक्षीरविवेक सोपवला. ऑस्ट्रेलियात 'ड्रोंगो' म्हणजे निव्वळ मठ्ठ माणूस. त्यात पक्ष्याचा काही संबंधही नाही: १९२० च्या दशकात या पक्ष्याच्या नावाचा एक शर्यतीचा घोडा ३७ शर्यती धावून एकही जिंकला नाही आणि त्याच्यावरून ही शिवी निघाली. पक्षी मात्र आपला कोतवाल. शेताच्या बांधावरच्या तारेवर बसून घारी-कावळ्यांना हुसकावणारा. त्याच्या झाडावर इतर गरीब पक्षी भरवशाने घरटी करतात. आफ्रिकेतील त्याचा भाऊबंद तर इतर प्राण्यांच्या धोक्याच्या हाका हुबेहूब काढून त्यांना पळवतो आणि त्यांचे भक्ष्य उचलतो.

मराठी माणूस पक्ष्यांशी अधिक न्यायाने वागला असा दावा मी करणार नाही. घुबडाचे आपण काय केले आहे ते आपल्याला ठाऊक आहे, आणि इंग्रजीत तेच घुबड शहाणपणाचे प्रतीक आहे. बेटांवरच्या न पळणाऱ्या पक्ष्यांशी आपली गाठ पडली नाही, एवढेच. ज्यांची पडली त्या जपानी लोकांनी अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याला 'अहोदोरी' म्हणजे मूर्ख पक्षी म्हटले आणि तोरिशिमा बेटावर पिसांच्या व्यापारासाठी दांडक्याने त्यांची कत्तल केली. मेलेल्यांचा आकडा पन्नास लाखांच्या घरात असावा, असा अंदाज आहे. १९४९ मध्ये ही जात संपली असे जाहीर झाले. १९५१ मध्ये त्याच बेटावर जेमतेम दहा-एक पक्षी सापडले आणि आज जे आहेत ते बहुतेक त्यांच्यापासून वाढलेले.

अमेरिकन लोकांनी पॅसिफिकमधील मिडवे बेटांवरच्या अल्बट्रॉसला 'गूनी' म्हटले, आणि गूनी म्हणजेही खुळाच. दुसऱ्या महायुद्धात तेथे तळ ठोकलेल्या सैनिकांना त्यांचे धडपडत जमिनीवर उतरणे आणि पायाखाली येईपर्यंत बसून राहणे पाहून हसू येई. त्याच मिडवेवर १९५६ साली चँडलर रॉबिन्स या पक्षिशास्त्रज्ञाने एका मादीच्या पायात वाळा घातला. तेव्हा ती निदान पाच वर्षांची असणार, कारण त्याआधी त्या अंडी घालत नाहीत. ती अजून येते. २०२४ च्या नोव्हेंबरात, सुमारे ७४ व्या वर्षी, तिने पुन्हा अंडे घातले. जगातील सर्वांत वयस्क ज्ञात रानपक्षी म्हणून तिची नोंद आहे. तिला नाव दिले आहे 'विस्डम', शहाणपण. खुळा म्हणून हिणवलेल्या जातीतल्या एका पक्षिणीला माणसाने हे नाव द्यावे, याचा मला मनापासून आनंद होतो.

त्या सकाळी आम्ही किनाऱ्यावर थांबलो. सपाट वाळूवरून उडायला या पक्ष्याला धाव आणि समोरचा वारा दोन्ही लागतात, आणि त्याच्या अंगात धावण्याचे त्राण नव्हते. पावसाळी वादळे या पक्ष्यांना असे भर समुद्रातून आपल्या किनाऱ्यावर आणून टाकतात, म्हणून दरवर्षी एखादा तरी बूबी कोकणात कुठे ना कुठे सापडतो. मुलाने घरून जुना टॉवेल आणला, तासाभराने प्राण्यांची सुटका करणारी दोन तरुण मुले मोटारसायकलवरून आली. त्यांनी टॉवेल टाकून त्याला उचलले तेव्हा मात्र त्याने एकाच्या मनगटाला चोच मारली आणि रक्त काढले. खोक्यात ठेवल्यावर त्यांनी वनखात्यासाठी एक कागद भरायला घेतला. त्यात पक्ष्याचे नाव, ठिकाण, वेळ असे रकाने होते. एकाने इंग्रजी नाव लिहिले आणि मला विचारले, "मराठीत काय लिहू?" मला चटकन काही सुचले नाही. त्याने 'मोठा पांढरा समुद्रपक्षी' असे लिहिले.

मुलगा त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत होता. इंग्रजी अक्षरे त्याने एकेक करून जुळवली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "बूबी? म्हंजे काय, काकू?"

"त्याचं नाव आहे," मी म्हटले. दुसरा अर्थ मी त्याला सांगितला नाही.